पक्षाघाताचे जागतिक संशोधन जिल्ह्याच्या वॉर्डापर्यंत यावे

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात पक्षाघातावर आलेला लेख वाचला. देशोदेशींच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या कामामुळे या आजाराच्या उपचारांत मोठा बदल झाला आहे, असे त्यात म्हटले होते आणि ते खरेच आहे. मात्र लेखातले बहुतेक वर्णन मेंदूतील गुठळी ओढून काढणाऱ्या उपकरणांचे आणि महानगरांत भरणाऱ्या परिषदांचे होते. सरकारी रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून ३२ वर्षे काम केल्यामुळे मला या सहकार्याची दुसरी बाजू ठाऊक आहे आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्याला तीच अधिक उपयोगाची आहे, असे माझे ठाम मत आहे. पत्र लांबले आहे, तरी शक्य झाल्यास ते पूर्ण छापावे, ही विनंती.

आधी घरातली एक हकीकत सांगते. माझे थोरले दीर राधानगरी तालुक्यातील एका वाडीत राहतात. दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडी सुरू असताना, ते एके दिवशी पहाटे धार काढून दूध संस्थेत दूध घालून आले आणि ओसरीवर टेकले. जाऊबाई गोठ्यात होत्या. त्या घरात आल्या तेव्हा दीर भिंतीला कलले होते, तोंड एका बाजूला ओढले गेले होते, उजवा हात लुळा पडला होता आणि बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज निघत होता. गल्ली जमली. ‘अंगावरून वारं गेलं’ असे ज्याने त्याने म्हटले, कोणीतरी साखरपाणी तोंडाला लावले, त्याचा जोराचा ठसका लागला, आणि एक शेजारी तर कबुतर आणायला निघालेसुद्धा, कारण कबुतराचे रक्त चोळले की गेलेले अंग परत येते ही समजूत आमच्या भागात अजून जिवंत आहे. त्यानंतर गाडी मिळवून त्यांना जवळच्या एका रुग्णालयात नेले. तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती, तरी सलाइन लावून मोठ्या डॉक्टरांची वाट पाहण्यात दीड तास गेला.

कोल्हापुरात पोहोचल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘यांना शेवटचे धड कोणी पाहिले आणि किती वाजता?’ नोकरीच्या काळात हा प्रश्न मी स्वतः शेकडो नातेवाइकांना विचारला आहे. त्या दिवशी मात्र आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता येईना. जाऊबाई म्हणाल्या, ‘दिस उगवायच्या वक्ताला’. तेवढ्यात शर्ट काढताना पुतण्याच्या हाताला खिशातली दूध संस्थेची पावती लागली. तीवर लिटर, फॅट आणि खाली बारीक अक्षरांत वेळ होती, ६ वाजून १२ मिनिटे. दूध मोजून घेणाऱ्या मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला की काका तेव्हा अगदी नीट बोलत होते. त्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात ११ वाजून २० मिनिटे झाली होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची मुदत साडेचार तासांची, आणि आम्ही ती ३८ मिनिटांनी हुकवली होती.

ही साडेचार तासांची मुदत कुठून आली, हे त्या रात्री मी वाडीच्या लोकांना समजावून सांगितले. १९९५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले की पक्षाघात झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर अपंगत्व कमी राहते. तीन तासांनंतर काय, याचे उत्तर मिळायला पुढे तेरा वर्षे लागली. २००८ मध्ये युरोपातील अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याच्या उपचाराचेही तसेच आहे. २०१५ या एकाच वर्षी नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन आदी देशांतील पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकाच दिशेने आले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसला. (दिरांची गुठळी लहान रक्तवाहिनीत होती, त्यामुळे तो मार्गही आमच्यासाठी नव्हता.) राधानगरीहून आलेल्या रुग्णाच्या उशाशी उभे राहून कोल्हापूरचा डॉक्टर जो निर्णय घेतो, त्याच्यामागे त्याने कधीही न पाहिलेल्या हजारो परदेशी रुग्णांनी दिलेली संमती असते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. त्या हिशेबात आमचे साखरपाणी, कबुतर आणि दीड तासाचे सलाइन केवढ्याला पडले असते, हे वाचकांनीच पाहावे.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येते. तिसऱ्या दिवशी दिरांना ताप भरला. छातीत कफ दाटला आणि न्यूमोनियाचे निदान झाले. पक्षाघातात पुष्कळदा गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात आणि तोंडात घातलेला घोट अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतो. घरचे साखरपाणी एकदा झालेच होते. त्यातच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी औषधे आणायला खाली गेले असताना, भेटायला आलेल्या नातेवाइकाने त्यांना प्रेमाने चहात बिस्कीट बुडवून भरवले होते. गिळण्याची चाचणी तोवर कोणीच केलेली नव्हती. एवढी वर्षे वॉर्डात काढलेली परिसेविका घरात असूनही ती झाली नव्हती, हे मी लपवत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातल्या पक्षाघाताच्या १९ विशेष कक्षांत नेमक्या याच गोष्टीवर काम झाले आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात नवे औषध नव्हते आणि नवे यंत्रही नव्हते. ताप, साखर आणि गिळणे या तीन गोष्टींची काटेकोर पद्धत परिचारिकांनी ठरवून घेतली आणि पाळली, एवढेच. पहिले तीन दिवस दर चार तासांनी ताप पाहायचा आणि तो ३७.५ सेल्सिअसला, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत साडेनव्याण्णवला, पोहोचला की पॅरासिटामॉल द्यायचे. बोटाला टोचून साखर तपासत राहायची आणि वाढली तर लगेच उपचार करायचे. आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब, अन्नाचा घास किंवा गोळी, काहीही तोंडावाटे द्यायचे नाही. ही पद्धत ज्या कक्षांत नव्हती तिथे ९० दिवसांनी शंभरातले ५८ रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, आणि जिथे ती होती तिथे हे प्रमाण ४२ होते. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि पाण्याचा पेला यांच्या जोरावर पडलेला हा फरक आहे. पुढे हीच पद्धत युरोपातील अनेक देशांतल्या रुग्णालयांनी परिचारिकांमार्फतच उचलली. आपल्याकडे ज्यांच्या हातात हे तिन्ही सामान रोज असते, त्या किती जणींपर्यंत हे संशोधन पोहोचले आहे? माझ्यापर्यंत ते निवृत्तीनंतर पोहोचले, तेही माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे.

दुसरे उदाहरण मेंदूतील रक्तस्रावाचे. रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात जास्त आहे, आणि ‘रक्तस्राव आहे म्हणजे आता हातात काही नाही’ हे वाक्य मी वॉर्डात वर्षानुवर्षे ऐकले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दहा देशांतील सात हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांत भारत, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, नायजेरिया असे बहुतेक देश आपल्यासारख्याच परिस्थितीतले होते. वरचे ब्लडप्रेशर एका तासाच्या आत १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, आणि रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर तिचा परिणाम उतरवणे, या चार गोष्टी एकत्र आणि झटपट केल्या, तर रुग्ण अधिक चांगले सावरतात, असे त्यात दिसले. यांतली एकही गोष्ट अशी नाही, की जी आपल्या जिल्ह्यातल्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात करता येणार नाही. बहुतांशी आपल्यासारख्याच देशांतल्या रुग्णालयांत पारखलेले हे उत्तर आहे, आणि म्हणून मला ते पाश्चात्त्य यंत्रांपेक्षा जवळचे वाटते.

असे संशोधन एकट्या देशाने का करू नये, असे कोणी विचारील. अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या ४८ तासांत ती साधी गोळी दिल्याने फायदा होतो की नाही, हे ठरवायला १९९७ मध्ये निष्कर्ष आलेल्या दोन चाचण्या लागल्या. त्यांतली एक ३६ देशांतील ४६७ रुग्णालयांत १९ हजारांहून जास्त रुग्णांवर झाली आणि दुसरी चीनमध्ये जवळपास तेवढ्याच रुग्णांवर. फायदा निघाला, पण हजार रुग्णांमागे नऊ-दहा जणांचा. एवढा बारीक फरक एका शहरात किंवा एका राज्यात कधीच नजरेला आला नसता, आणि तरीही जगातल्या रुग्णसंख्येने गुणला की तो दर वर्षी हजारो माणसांचा होतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात पक्षाघाताची लक्षणे दिसली म्हणून, हृदयविकाराच्या सवयीने, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरते आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. अशा वेळी थेट १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे.

फसलेल्या चाचण्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण त्यांनी माझे स्वतःचे मत बदलले. रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांना हातापायांचे व्यायाम, कूस बदलणे, उठवून बसवणे शिकवले की पुढचे सगळे घरच्या घरी होते, असे मी अनेक वर्षे मानत आले आणि तसे शिकवतही आले. ऑस्ट्रेलियातील आणि भारतातील संशोधकांनी मिळून आपल्या देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हीच कल्पना पारखली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की नातेवाइकांना दिलेल्या त्या प्रशिक्षणाने सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूत किंवा परावलंबित्वात फरक पडला नाही. वाचून वाईट वाटले. पण त्यानंतर जाऊबाईंकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. गोठा, शेत, स्वयंपाक आणि त्यात अंथरुणाला खिळलेला नवरा हे सगळे एकटीने करणाऱ्या बाईच्या हातात व्यायामाचा कागद देऊन व्यवस्थेने मोकळे होणे हा अन्याय आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट नेमणे हा खर्च टाळता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने देशातील ३१ केंद्रांत झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत चार हजारांवर रुग्णांना १२ भाषांमधून संदेश, चित्रफिती आणि माहितीपुस्तिका दिल्या गेल्या. वर्षभरात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण त्यानेही घटले नाही. अशा निष्कर्षांना अपयश म्हणून झाकून न ठेवता जगापुढे मांडणे, याला मी खरे सहकार्य म्हणते.

प्रतिबंधाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते वाचकांना ठाऊक आहे. ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की टाळता येण्याजोगी किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगी दहा कारणे पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्यामागे आहेत आणि त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत वरचा आहे. दिरांची ब्लडप्रेशरची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून चार महिन्यांपूर्वी बंद झाली होती. आमच्या भागातील बायकांची मिश्री आणि पुरुषांची तंबाखूची पुडी हाही या हिशेबातलाच भाग आहे.

आता कोल्हापूरचे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार, तालुके बारा. पक्षाघाताचे किती रुग्ण वर्षाला येतात, किती वेळेत पोहोचतात, किती जण तीन महिन्यांनी आपल्या पायांवर उभे असतात, हे तालुक्यानिशी सांगेल अशी एकही वही नोकरीच्या काळात माझ्या पाहण्यात आली नाही. जागतिक संशोधनात आपण नुसते घेणारे राहिलो आहोत, याचे कारण मला इथे दिसते. ज्याच्याकडे स्वतःची नोंद नाही, त्याच्याशी कोण कशावर बोलणार?

म्हणून जिल्हा प्रशासन, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातील खासगी मेंदूविकारतज्ज्ञ या सर्वांना माझी नम्र सूचना आहे, की सरकारी आणि खासगी अशी मिळून पक्षाघाताची एकच जिल्हा नोंदवही सुरू करावी. तीत प्रत्येक रुग्णाच्या तीन वेळा असाव्यात, शेवटचे धड पाहिल्याची, रुग्णालयात पोहोचल्याची आणि सीटी स्कॅन झाल्याची. गिळण्याची चाचणी झाली का आणि पहिले ब्लडप्रेशर किती होते, हे असावे. आणि ९० व्या दिवशी घरी एक फोन व्हावा. पक्षाघातानंतर माणूस किती सावरला हे मोजायला जगभर एकच साधी मोजपट्टी वापरतात. स्कॉटलंडमधील डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये तिची सुरुवात केली. आज तीत ० म्हणजे काहीही त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. मधले आकडे ठरवायला यंत्र लागत नाही. ‘आधाराशिवाय चालता का? आंघोळ, जेवण आपले आपण होते का? घरी एकटे ठेवून बाकीच्यांना शेतावर जाता येते का? पूर्वीचे काम जमते का?’ असे चार प्रश्न आपल्या बोलीत विचारायला परिचारिकेला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांनंतर गारगोटीच्या रुग्णाची तुलना सिडनीच्या रुग्णाशी करता येते.

अशी नोंद वर्षभर झाली तर परदेशातील परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या गटांशी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल. जागतिक पक्षाघात संघटना २००६ पासून काम करते आहे आणि २०२४ मध्ये तिचे अध्यक्षपद लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन यांच्याकडे आले, म्हणजे दार आपल्याच माणसाच्या हातात आहे. शिकण्यासाठी प्रत्येक वेळी समुद्र ओलांडावा लागतो असेही नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर स्कॅनची छायाचित्रे मोबाइलवर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊ लागले. सीटी स्कॅन बसवलेली रुग्णवाहिका ही जर्मनीतील होम्बुर्गची कल्पना, आणि तशी गाडी आसामात दिब्रुगड भागात फिरली आहे. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे इंजेक्शन तर आपल्या पुण्यातच तयार होते. अल्टेप्लेज पंपावर तासभर चालवावे लागते, टेनेक्टेप्लेज एकदाच शिरेतून देऊन रुग्ण पुढे हलवता येतो. कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीने २०२२ मध्ये ते अल्टेप्लेजपेक्षा कमी नसल्याचे दाखवले, आणि अमेरिकेत त्याला पक्षाघातासाठी मान्यता २०२५ मध्ये मिळाली, तेव्हा आपल्याकडे ते कितीतरी आधीपासून वापरात होते. घाटातल्या तालुक्यांसाठी याचे मोल फार आहे.

चंदगडचा वेगळा उल्लेख करते. तिथल्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव निम्म्याहून जवळ पडते आणि नातेवाईक साहजिकच तिकडे धावतात. तो रुग्ण मग आपल्या जिल्ह्याच्या हिशेबातही राहत नाही आणि कर्नाटकच्याही नाही. देशादेशांतल्या सहकार्याच्या गप्पा करताना निदान या दोन शहरांतल्या डॉक्टरांनी आणि १०८ च्या यंत्रणांनी एकमेकांचे फोन क्रमांक जवळ ठेवावेत आणि रुग्णाची माहिती एकमेकांना कळवावी, एवढी अपेक्षा आहे.

शेवटी, अशा कोणत्याही करारात किंवा कार्यशाळेत परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि १०८ वरचे डॉक्टर यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात आणि साहित्य मराठीत असावे. गिळण्याच्या चाचणीचा एक पानी तक्ता माझ्या मुलीच्या मदतीने मी मराठीत तयार केला आहे. तज्ज्ञांनी तो तपासून दिला, तर मागेल त्या रुग्णालयाला विनामूल्य देईन. नोंदवही सुरू झाल्यास ९० व्या दिवसाचे फोन करण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस यायची माझी तयारी आहे, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी तिघी मैत्रिणी तयार आहेत. दीर आता काठी घेऊन दूध संस्थेपर्यंत जातात, पण किटली पुतण्या उचलतो. रँकिनच्या पट्टीवर मी त्यांना ३ देते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
कोल्हापूर